मानव्यविद्या लोकांपर्यंत नेणाऱ्या माणसाचं नाव राष्ट्रीय पुरस्कारासाठी कसं सुचवावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात पेठेतल्या एका वाचनालयात ७१ वर्षांच्या एक निवृत्त शिक्षिका गेली २६ वर्षं दर रविवारी सकाळी खुला वर्ग घेतात. मोडी लिपी शिकवतात, जुनी पत्रं वाचून घेतात, गाथेतले अभंग उलगडून सांगतात. फी नाही, शिक्षणाची अट नाही. त्यांच्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे की अमेरिकेत 'नॅशनल ह्युमॅनिटीज मेडल' देतात, तसं आपल्याकडे काही आहे का? बाईंचं नाव कुठे सुचवायचं, आणि त्यांच्या नावावर ४० पानांची एकच पुस्तिका आहे, ते आड येईल का?

मी पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत ३१ वर्षं ग्रंथपाल होतो. या काळात वेगवेगळ्या पुरस्कारांसाठी चौदा प्रस्ताव माझ्या हातून तयार झाले आणि दोन वेळा छाननी समितीत बसून दुसऱ्यांचे प्रस्ताव वाचले. तेव्हा टेबलाच्या दोन्ही बाजू पाहिल्या आहेत, त्यावरून सांगतो.

आधी सरळ उत्तर. इतिहास, भाषा, साहित्य, तत्त्वज्ञान या विद्या सामान्य माणसाला समजाव्यात म्हणून झटणाऱ्यांसाठी खास असा राष्ट्रीय पुरस्कार भारतात नाही. विज्ञानाच्या बाजूला अशी दखल घेतली गेली आहे. केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाचे विज्ञानप्रसाराचे राष्ट्रीय पुरस्कार १९८७ साली सुरू झाले. युनेस्कोचा कलिंग पुरस्कार तर १९५२ पासून दिला जातो आणि आपल्या पुण्याच्या जयंत नारळीकरांना तो १९९६ साली मिळाला. कृष्णविवर म्हणजे काय हे शाळकरी मुलाला मराठीत सांगणं हे स्वतंत्र, मोलाचं काम आहे, असं त्या पुरस्काराने मान्य केलं. सनद कशी वाचायची, ओवीतला शब्द कुठून आला, एकाच घटनेच्या दोन बखरी दोन गोष्टी का सांगतात, हे समजावणाऱ्याला तशी वेगळी जागा आपण केलेली नाही. ती असायला हवी असं मला फार मनापासून वाटतं, पण आज तुम्हाला आहे त्या दारांतूनच जायचं आहे.

अमेरिकेच्या पदकाबद्दल विचारलं आहे म्हणून तेही सांगतो, कारण त्यातून शिकण्यासारखं आहे. तिकडे १९६५ साली कायद्याने मानव्यविद्यांसाठी राष्ट्रीय निधी स्थापन झाला. चार्ल्स फ्रँकेल या तत्त्वज्ञाच्या नावाने तो आधी एक पारितोषिक देई, १९९७ पासून त्याच्या जागी हे पदक आलं. वर्षाला जास्तीत जास्त बारा. अमर्त्य सेन यांना २०११ चं मिळालं, झुंपा लाहिरी यांना २०१४ चं, अब्राहम व्हर्गीस यांना २०१५ चं. ही नावं वाचून आपल्याला वाटतं की हे मोठ्या लेखकांचं आणि नोबेलवाल्यांचं पदक आहे. पण त्याच २०१४ च्या यादीत 'क्लेमेंटे कोर्स' आहे. अर्ल शॉरिस नावाच्या लेखकाने १९९५ साली न्यूयॉर्कमध्ये गरीब प्रौढांसाठी सुरू केलेला हा विनामूल्य वर्ग. त्यात कुठलंही हस्तकौशल्य शिकवत नाहीत, थेट तत्त्वज्ञान, इतिहास, साहित्य आणि कला शिकवतात. शॉरिसना स्वतःला हे पदक आधी, २०००मध्ये मिळालं होतं. आणि २०१५ च्या यादीत कॅलिफोर्नियातल्या सॅन क्वेंटिन तुरुंगात कैद्यांना महाविद्यालयीन शिक्षण देणारी संस्था आहे.

म्हणजे तुमच्या बाईंचा रविवारचा वर्ग आणि हे दोन उपक्रम एकाच जातीचे. ही तुलना प्रस्तावात घालू नका, छाननी करणाऱ्याला परदेशाचा दाखला नको असतो. पण तुमच्या स्वतःच्या मनात ती पक्की असू द्या, कारण 'बाईंच्या नावावर पुस्तकं नाहीत' या संकोचाने तुम्ही लिहायला बसलात तर सगळा प्रस्ताव ओशाळा होईल.

विद्वत्ता आणि विद्येचा लोकांतला वावर या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि पुण्याइतकं हे दुसरीकडे स्पष्ट दिसणार नाही. भांडारकर संस्थेने १९१९ साली महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली आणि ती १९६६ साली पुरी झाली. हस्तलिखितं जमवायची, पाठभेद, म्हणजे एकाच श्लोकाची वेगवेगळ्या पोथ्यांतली रूपं, ताडून पाहायचे, एकेका श्लोकाखाली टिपांची रास. सत्तेचाळीस वर्षांचं काम. त्याच संस्थेने पां. वा. काण्यांचा धर्मशास्त्राचा इतिहास पाच खंडांत छापला आणि काण्यांना १९६३ साली भारतरत्न मिळालं. ही विद्वत्ता. आता महाभारताच्या त्या आवृत्तीचा आधार घेऊन डेक्कन कॉलेजच्या इरावतीबाई कर्वे यांनी 'युगान्त' लिहिलं. कुंती, गांधारी, कर्ण यांच्याबद्दल त्या अशा बोलतात की ज्याने एकही पाठभेद पाहिलेला नाही त्यालाही प्रश्न पडू लागतात. त्या पुस्तकाला १९६८ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. चिकित्सक आवृत्ती नसती तर 'युगान्त' जसं आहे तसं झालं नसतं. पण 'युगान्त' नसतं तर त्या आवृत्तीचा उजेड किती मराठी घरांत पोचला असता?

तुमच्या बाईंचं काम या दुसऱ्या प्रकारचं, फक्त पुस्तकाऐवजी फळ्यावरचं. अडचण इथेच सुरू होते. बहुतेक पुरस्कार पुस्तकाला किंवा पदाला ओळखतात.

थोडं मागे जातो, कारण लोकांपर्यंत विद्या नेणाऱ्याला बक्षीस द्यावं हा विचार पुण्याला नवा नाही. पेशवाईत श्रावणात पर्वतीच्या पायथ्याशी रमण्यात दक्षिणा वाटली जाई, ती शास्त्री-पंडितांना. इंग्रजी अमल आल्यावर ती रक्कम अगदी बंद झाली नाही. तिचा काही भाग विश्रामबागवाड्यातल्या संस्कृत पाठशाळेकडे वळला. पुढे १८४९ च्या सुमारास पुण्यातल्या सुधारकांनी अर्ज केला की या पैशातून मराठीत उपयोगी ग्रंथ लिहिणाऱ्यांना बक्षिसं द्या. सनातनी मंडळींचा त्याला कडवा विरोध झाला. तरी १८५१ साली दक्षिणा प्राइझ कमिटी उभी राहिली. पंडितांपुरती असलेली विद्या लोकांच्या भाषेत आणणाऱ्याला सार्वजनिक पैशातून बक्षीस, ही कल्पना इथे पावणेदोनशे वर्षांपूर्वी प्रत्यक्षात आली होती.

आणि त्याच कमिटीकडे १८५५ साली जोतीराव फुल्यांनी 'तृतीय रत्न' हे नाटक पाठवलं. कमिटीने ते नाकारलं. शेतकरी-कुणब्यांना शिक्षणाशिवाय कसं नागवलं जातं हे त्यांच्याच बोलीत सांगणारं नाटक, आणि लोकोपयोगी मराठी लेखनासाठी नेमलेल्या समितीला ते चाललं नाही! तीनच वर्षं आधी, १८५२ मध्ये, विश्रामबागवाड्यात सरकारने मुलींच्या शाळांसाठी जोतीरावांना जाहीर समारंभात शाल दिली होती. ज्या गावाने एकाला शाल दिली त्याच गावाने त्याचं नाटक परत केलं. हे मी जुनी कुरापत म्हणून सांगत नाही. प्रत्येक प्रस्ताव लिहिताना मी हे आठवतो. समितीतल्या माणसांना ज्या प्रकारचं काम डोळ्यांनी पाहायची सवय नाही, ते काम त्यांना दिसत नाही. ते दिसेल असं मांडणं ही प्रस्ताव लिहिणाऱ्याची जबाबदारी.

आता दारं. साहित्य अकादमीचा मुख्य पुरस्कार पुस्तकाला आहे, १९५५ पासून, आता २४ भाषांत, रक्कम एक लाख रुपये. तो केवळ कथा-कवितेचा आहे असा समज असतो, पण मराठीतला पहिलाच पुरस्कार तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या 'वैदिक संस्कृतीचा विकास' या वैचारिक ग्रंथाला मिळाला. रा. चिं. ढेरे यांना १९८७ साली 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' साठी, सदानंद मोरे यांना १९९८ मध्ये 'तुकाराम दर्शन' साठी, अशोक केळकर यांना २०१० मध्ये 'रुजुवात' साठी. पुण्यातल्या संशोधकांना हे दार उघडं आहे. तुमच्या बाईंना ४० पानी पुस्तिकेवर ते उघडणार नाही, तिथे वेळ घालवू नका. अकादमीचा भाषा सन्मान अभिजात व मध्ययुगीन साहित्यातल्या कामासाठी आणि अकादमीच्या यादीत नसलेल्या भाषांसाठी आहे. तो व्यासंगाकडे पाहतो. राष्ट्रपतींचं सन्मानपत्र १९५८ पासून आहे, पण संस्कृत, पाली, प्राकृत, अरबी, फारसी अशा भाषांच्या पंडितांसाठी. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्यापासून अनेकांच्या आशा वाढल्या आहेत. मात्र अभिजात भाषांसाठीचे मोठे सन्मानही मुख्यतः विद्वानांसाठीच कल्पिलेले आहेत.

राहतं ते पद्म. बाईंसाठी राष्ट्रीय पातळीवरचं खरं दार हेच.

पद्म पुरस्कार १९५४ पासून दिले जातात. नामांकन केंद्र सरकारच्या राष्ट्रीय पुरस्कार पोर्टलवर करायचं असतं. कुणीही नागरिक करू शकतो, स्वतःचं नावही देता येतं. फी नाही. खिडकी साधारण उन्हाळ्यात उघडते आणि कधी जुलैअखेर तर कधी सप्टेंबरच्या मध्यावर बंद होते, म्हणून त्या वर्षीची तारीख पोर्टलवरच पाहा, कुणाच्या तोंडी माहितीवर राहू नका. पंतप्रधान दरवर्षी पद्म पुरस्कार समिती नेमतात. कॅबिनेट सचिव तिचे अध्यक्ष असतात, गृहसचिव, राष्ट्रपतींचे सचिव आणि चार ते सहा मान्यवर तिच्यात असतात. यादी २६ जानेवारीच्या आधल्या संध्याकाळी जाहीर होते. मरणोत्तर आणि परदेशस्थ वगळता वर्षाला १२० पेक्षा जास्त पुरस्कार देत नाहीत. सेवेत असलेल्या सरकारी नोकरांना, डॉक्टर आणि वैज्ञानिक सोडून, हा पुरस्कार मिळत नाही. बाई निवृत्त आहेत, तेव्हा ती अडचण नाही. आणि ही उपाधी नाही, नावाआधी लावायची नसते.

बाईंसारख्यांना खरंच मिळतं का, असं तुम्ही विचाराल. २०२१ सालची पद्मश्रीची यादी पाहा. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे परशुराम गंगावणे तिथे आहेत, कळसूत्री बाहुल्यांची परंपरा जपणारे. त्यांच्याकडे पदव्यांची माळ नव्हती. काम होतं, आणि ते कुणीतरी नीट मांडलं.

आता या मांडण्याबद्दल. पोर्टलवर कामाचं वर्णन ८०० शब्दांच्या आत लिहायचं असतं. चौदा प्रस्तावांतून मी जे शिकलो ते सगळं या ८०० शब्दांत आहे, आणि ते शिकायला मला एका चांगल्या माणसाच्या बाबतीत फार उशीर झाला.

पुण्यात एक मोडीवाचक होते. पेशवे दफ्तरात, म्हणजे पेशवाईतल्या कागदपत्रांच्या संग्रहात, आयुष्य गेलेलं. गो. स. सरदेसायांच्या देखरेखीखाली या दफ्तरातल्या निवडक कागदांचे ४५ भाग छापले गेले, पण न छापलेल्या रुमालांपुढे, म्हणजे कापडात बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्यांपुढे, ते ४५ भाग म्हणजे ओंजळ. हे गृहस्थ सकाळी दफ्तरात रुमाल सोडायचे आणि संध्याकाळी घरी ज्याला लागेल त्याला कागद वाचून द्यायचे. २००९ साली मी त्यांचा प्रस्ताव केला. तेव्हा तो कागदावर जायचा. मी काय लिहिलं? इतकी कागदपत्रं वाचली, इतके लेख, इतक्या परिषदा, अमुक मंडळाचे आजीव सभासद. सोबत पाच मोठ्या प्राध्यापकांची पत्रं, सगळी एकसारखी, 'अमूल्य योगदान' म्हणणारी. काही झालं नाही. पुढच्या वर्षी तोच मजकूर पुन्हा पाठवला.

मग ते गेले. शोकसभेला मावळातला एक शेतकरी उठला. पाणंदीच्या वादात पणजोबाचा कागद यांनी वाचून दिला, आणि वाचून देताना मला अक्षरं ओळखायला लावली, म्हणाला. आता गावातले तीन जण मोडी वाचतात. एक रिक्षावाले उठले. आजोबांचं गहाणखत घेऊन ते गेले होते, मग चार वर्षं जात राहिले आणि आता स्वतःच्या वस्तीतल्या मुलांना पाटीवर मोडी गिरवायला देतात. एक बाई म्हणाल्या की आपल्या घराण्यात बाईच्या नावाने इनामपत्र होतं हे त्यांना इथे कळलं, आणि तो कागद आता त्यांच्या देवघरात फ्रेम करून आहे. मी पाठीमागच्या रांगेत बसून ऐकत होतो. यातलं एक अक्षर माझ्या प्रस्तावात नव्हतं. मी त्यांना वीस वर्षं ओळखत होतो आणि त्यांच्याकडे येणाऱ्या माणसांशी कधी बोललोच नव्हतो. पद्म सहसा मरणोत्तर देत नाहीत. ते दार तिथेच मिटलं.

म्हणून तुम्हाला कळकळीने सांगतो, बाईंचे ८०० शब्द बाईंच्या बाजूने लिहू नका, त्यांच्याकडे येणाऱ्यांच्या बाजूने लिहा. लोकांच्या समजुतीत पडलेला फरक हेच ज्या कामाचं फळ, त्याचा पुरावा लोकांपाशीच असतो. 'बाईंनी २६ वर्षं अविरत ज्ञानयज्ञ चालवला' हे वाक्य समितीने हजार वेळा वाचलेलं असतं. त्याऐवजी असं काही लिहा: 'वर्गात आलेल्यांपैकी एका पोळीभाजी केंद्र चालवणाऱ्या बाईंनी स्वतःच्या घरातली १९व्या शतकातली नऊ पत्रं वाचून त्यांचं लिप्यंतर केलं आणि वाचनालयाला दिलं.' यात विशेषण एकही नाही. आकडा छोटा आहे. तो खरा असेल तर पुरेसा आहे, आणि तुमच्याकडे खरा आकडा काय आहे तोच लिहा. समितीत बसलो तेव्हा मी पाहिलं आहे, अशा वाक्यावर वाचणारा थांबतो.

दुसरी गोष्ट तितकीच महत्त्वाची. लोकांना सांगायचं म्हणजे सैल सांगायचं असं नाही. मोडीच्या कुठल्याही वर्गात पहिल्या चार आठवड्यांत 'ध चा मा' निघतोच. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला, हा इतिहास. आनंदीबाईंनी 'धरावे'चं 'मारावे' केलं, ही पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेलेली गोष्ट. बाई तिथे काय करतात? गोष्ट रंगवून पुढे जातात, की मोडीतला 'ध' आणि 'मा' फळ्यावर काढून विचारतात की हा बदल खरंच इतका सोपा आहे का, आणि असा कागद तुम्ही कुठे पाहिलात का? दुसरं करत असतील तर तो प्रसंग प्रस्तावात सविस्तर घाला. कथा आणि कागद यांतला फरक साध्या माणसाला स्वतः ओळखता येऊ लागला, याहून मोठं फळ इतिहासाच्या शिक्षकाला मिळत नाही. अभंगांचंही तसंच. गाथेतल्या पाठांचे फरक त्या दाखवतात का, एखाद्या ओळीचा अर्थ माहीत नसेल तर 'मला नक्की ठाऊक नाही' असं वर्गात म्हणतात का? म्हणत असतील तर तेही लिहा. माझ्या अनुभवात हा शिक्षकाचा सर्वांत दुर्मीळ गुण आहे.

म्हणून शिफारसपत्रं तीनच घ्या, पण तीन वेगवेगळ्या डोळ्यांची. एक जाणकाराचं, ज्याने वर्गात प्रत्यक्ष बसून बाईंचं मोडीवाचन बरोबर आहे हे पाहिलं आहे. भारत इतिहास संशोधक मंडळाच्या परंपरेत तयार झालेली माणसं पुण्यात आहेत, त्यांच्यापैकी कुणाला एक रविवार यायची विनंती करा. कोऱ्या लेटरहेडवर तुम्हीच मजकूर लिहून सही आणू नका. अशी पत्रं ओळखू येतात. दुसरं वाचनालयाचं, त्यात वर्ग कधी सुरू झाला, खंड किती पडला, जागा कोणत्या अटीवर दिली हे असू द्या. तिसरं शिकणाऱ्याचं, आणि तो शक्यतो पदवीधर नसावा. त्याची भाषा सुधारू नका. भाषांतर लागलं तर जोडा, पण मूळ राहू द्या.

वर्तमानपत्राची कात्रणं असतील तर दोन पुरेत. सत्काराचे फोटो नकोत. फळ्याचा फोटो असेल तर तो द्या.

एक सावधगिरी. तुम्ही चौकशी करू लागलात की पत्रं, फोन येतील. 'आपली राष्ट्रीय पुरस्कारासाठी निवड झाली आहे, नोंदणी व स्मृतिचिन्हापोटी अमुक हजार भरा.' नावात 'राष्ट्रीय' किंवा 'भारत' असतं, समारंभ दिल्लीत किंवा एखाद्या मोठ्या हॉटेलात असतो. दोन सज्जन शिक्षकांनी निवृत्तिवेतनातून असे पैसे भरलेले मी पाहिले आहेत आणि नंतर त्यांना झालेला मनस्ताप पाहिला आहे. जो पुरस्कार घेणाऱ्याकडून पैसे मागतो तो घेऊ नये. इतकंच.

राज्याचं दार विसरू नका, किंबहुना माझा सल्ला असा की तिथून सुरुवात करा. राज्याच्या मराठी भाषा विभागाचे अशोक केळकर यांच्या नावाचा भाषा अभ्यासक पुरस्कार आणि मंगेश पाडगावकर यांच्या नावाचा भाषा संवर्धक पुरस्कार आहेत, मराठी भाषा गौरव दिनाच्या निमित्ताने दिले जाणारे. ज्याने ही दोन नावं वेगळी ठेवली त्याला मी धन्यवाद देतो. अभ्यासक वेगळा, संवर्धक वेगळा, हे राज्याने मान्य केलं आहे. शिवाय ते व्यक्तीबरोबर संस्थेलाही मिळतात. पद्म संस्थेला मिळत नाही. न्यायमूर्ती रानड्यांच्या प्रेरणेने १८७५ साली सुरू झालेली वसंत व्याख्यानमाला घ्या, किंवा १८४८ पासूनचं पुणे नगर वाचन मंदिर. दीडशे वर्षांहून जास्त काळ पुणेकरांना इतिहास, धर्म, अर्थकारण यांवर विचार करायला शिकवलं ते अशा संस्थांनी, आणि त्यांना उद्या पद्म द्यायचं म्हटलं तरी नियमात जागा नाही. केंद्राचा टागोर पुरस्कार संस्थेला मिळू शकतो, २०१५ चा ढाक्याच्या 'छायानट' संस्थेला मिळाला. पण तो सांस्कृतिक सलोख्यासाठी आहे, आणि आजवरची नावं पाहता फार उंचावरचा. तुमच्या वाचनालयाच्या खोलीसाठी मात्र राज्याचा संवर्धक पुरस्कार योग्य आहे. बाईंच्या नावाने आणि वाचनालयाच्या नावाने असे दोन वेगळे प्रस्ताव करता येतील. त्यात एका गोष्टीची काळजी घ्या: दोन्हींत तोच मजकूर नको. वाचनालयाने २६ वर्षं रविवारी खोली उघडून दिली, दिवा-पंख्याचं बिल भरलं, हे वाचनालयाचं काम आहे आणि ते त्याच्या प्रस्तावात त्याच्या नावाने यायला हवं.

पद्मसाठी शंभर विद्यार्थ्यांनी तोच मजकूर शंभर वेळा भरावा असं कुणी सुचवेल. करू नका. हे मतदान नव्हे. एक नामांकन, नीट लिहिलेलं. यंदा नाही झालं तर पुढच्या वर्षी पुन्हा, पण वर्षभरात जे नवं घडलं ते घालून.

आणि हे सगळं करण्याआधी बाईंना विचारा. गुपचूप करून आनंदाचा धक्का द्यायचा मोह होतो, पण सरकारी पडताळणी होते, जन्मतारखेपासून नोकरीच्या तपशिलापर्यंत सगळं अचूक लागतं, आणि कुणाकुणाला सरकारी सन्मान नकोही असतो. त्यांनी नाही म्हटलं तर प्रस्ताव थांबवा. पण तुम्ही जमवलेलं साहित्य थांबवू नका, ते वाचनालयात नीट बांधून ठेवा. बाईंनी शिकवलेल्या कुणालाही ते पुढे लागेल.

वय ७१ आहे म्हणून एवढंच सांगतो, तारखेची वाट पाहू नका. येत्या रविवारी जाताना एक जाड दोनशे पानी वही न्या आणि दारात ठेवा. आलेल्या प्रत्येकाला चार ओळी लिहायला सांगा: वर्गात कधीपासून येता, काय करता, इथे शिकलेलं शेवटचं कुठे वापरलं, आणि तुमच्याकडून ते पुढे कुणी शिकलं का. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचं तुम्ही लिहून घ्या, त्यांच्याच शब्दांत. काहींना वर्ग सोडून दहा-पंधरा वर्षं झाली असतील, त्यांची नावं बाईंना आठवत असतील. त्यांना शोधून काढा, फोन करा. शेवटचा प्रश्न गाळू नका. बाईंच्या विद्यार्थ्यांचे विद्यार्थी किती, हे अजून कुणी मोजलेलं नसेल.